पाव इंच

आवटी सर बुधगावहून सायकलीवर आले होते,
चित्र कॅरेजला बांधून, वर युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक.
"फ्रेम साधी. सोनेरी नको," म्हणाले,
शंभर रुपये ठेवून गेले
आणि पावती माझ्याकडेच विसरले.

बंदर. पाच गलबतं, शिडं निम्मी उतरवलेली.
पाणी पितळी डब्याच्या तळासारखं,
घासलेलं, पण कधीतरी.
माणसं कुठायत सर? मी विचारलं होतं.
"इंटरमिजिएटच्या परीक्षेला रत्नागिरीत ड्यूटी होती.
संध्याकाळचा अर्धा तास मिळाला.
तेवढ्यात होड्या झाल्या."

चिमट्यानं वरच्या खिळ्याला अडकवलं ते,
दत्ताच्या वर, लग्नाच्या जोड्यांच्या वर.
दुपारी गणपती पेठ पेंगायची,
काच कापून बोटं चरचरायची,
आणि बघता बघता वाटायचं,
कुणीतरी आत्ताच उठून गेलंय इथून,
न सांगता.
नवरा म्हणायचा, त्यात हलतंय काय एवढं?
हलत नव्हतं काही.
तेच तर.

मग कृष्णा पेठेत आली.
तीन रात्री आम्ही माळ्यावर.
खाली दुकानांच्या पाट्यांवरून
एक रबरी बोट वल्हवत गेली,
हरिपूरचा कुणी पोरगा हाका मारत होता,
"हाय का कोण आत?"
मी हात वर केला. आवाज फुटला नाही.

चिखल उपसला. दत्त गेले होते.
नवरे नवऱ्यांत विरघळले होते.
बंदराला मात्र खालून बोटभर तपकिरी रेघ,
सरांनी न काढलेली.

बुधगावला फोन केला.
जावई म्हणाले, "ते मार्चातच गेले.
चित्राचं काय ते तुम्हीच बघा."

सागाची साधी पट्टी कापली.
पट्टी कुठलीही असो, पाव इंच चित्र खातेच.
बसवताना दिसलं:
चौथ्या होडीचा दोर कडेपर्यंत येतो,
आणि अगदी कडेला, मातकट रंगात,
गाठ असेल,
नाहीतर अंगठा.

लगेच खिळे ठोकले नाहीत.
चहा मागवला, तो तसाच निवला.

आता ते काउंटरच्या मागे आहे.
परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, लई उदास आहे हो, माणूस नाही एक.
मी म्हटलं, नाही ना.
आणि त्याच्या लग्नाच्या फोटोचं माप घेतलं,
चारी बाजूंनी थोडं जास्तीचं धरून.