निसवण

रावेरच्या कॉलेजात, कूलर खडखडणाऱ्या लॅबमध्ये,
उत्तर जमा केलं आणि नवव्या सेकंदाला
पडद्यावर अभिप्राय : पाचापैकी दोन.
‘निसवली’ – शब्द ओळखता आला नाही.
आपणांस ‘निवडली’ म्हणायचे आहे का?

मोहिनी फिरके हसली नाही.
तिनं लिहिलं होतं,
केळ निसवली की पालाश द्यायचं,
पाण्याची पाळी चुकवायची नाही.
कुठल्या पुस्तकातून, मी विचारलं नाही.
तिच्या नखांत केळीच्या चिकाचा
काळा डाग होता.

‘सर, याले निसवनं माहीत नही का?’

मला एक बटण दिलंय : गुण बदला.
कारण लिहा, किमान वीस अक्षरं.
लिहिलं : शब्द बरोबर आहे. बागेत जाऊन विचारा.
दोनाचे चार झाले.

पाचवा मात्र अडला.
खाली बारीक अक्षरात यंत्रानं टोकलं होतं :
पालाश किती? झाडामागे की हेक्टरी?
खरंच, लिहिलंच नव्हतं.
मी दोनदा वाचलेलं उत्तर,
त्या एका शब्दाच्या रागात
एवढं सुटलं.

मोहिनीनं आकडा घातला, पुन्हा जमा केलं.
पाच.
‘निसवली’खालची लाल रेघ
अजून तशीच आहे.