पन्नास बिरडी

दर जानेवारीत मंडळीत तक्ता वाटतात:
तीनशे पासष्ट चौकोन, रोजचे अध्याय नेमलेले.
दर जानेवारीत मी तो मशीनमागच्या भिंतीला टाचते
आणि दर फेब्रुवारीत, दहा-बारा तारखेच्या आसपास,
निवासमंडपाच्या पडद्यांपाशी माझी सुई मोडते.
सहा वर्षं. सहा तक्ते.
पाठकोरे आहेत, म्हणून त्यांवर ब्लाउजची मापं लिहिते.

पाळक म्हणाले, पहाटे पाचला बसा.
पहाटे पाच त्यांच्याकडे देवाचे असतील,
कोपरखैरण्यात आमच्या चाळीत ते पाण्याचे.
सलोमीनं फोनवर लावून दिलं. रोज वाचलं की ज्योत पेटते,
चुकलं की विझते.
तिची स्वतःची एकशे चार दिवसांवर विझली,
पोर त्या रात्री जेवली नाही.
म्हटलं, हे नको. देव काय हप्ते वसूल करतो?

मग मार्चमधल्या एका शुक्रवारी वीज गेली.
मशीन मुकं, गाळ्यात उकाडा,
गिऱ्हाईक नाही.
खणातून शास्त्र काढलं. जिथं सोडलं होतं तिथंच उघडलं:
अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद.
टेप गळ्यातच होती.
हाताला दीड फूट धरला, तर लांबी तेरा मीटरला वीतभर कमी,
पन्ना सहा फुटी.
असे दहा.
पाच-पाच जोडायचे, म्हणजे मुक्काम हलवताना दोनच गठ्ठे.
या काठाला पन्नास बिरडी, त्या काठाला पन्नास,
नेमकी समोरासमोर.

मी मोठ्यानं हसले.
एक बिरडं अर्धं बोट सरकलं की सगळा पडदा झोळ देतो,
हे ज्याला ठाऊक, तो कधीतरी
जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसला असणार.
इतकी वर्षं मी त्याला न्यायाधीश समजून घाबरत होते.
कटिंग मास्टर आहे हे कुणी सांगितलंच नाही.
समोरचा चावीवाला धावत आला, काकी, काय झालं?
म्हटलं, काही नाही रे. पडद्यांची ऑर्डर आली.

तेव्हापासून वेळ ठरवली नाही, जागा ठरवली.
शास्त्र बॉबिनांच्या खणात.
शटर वर गेलं की आधी दिवसभराच्या बॉबिना भरायच्या, सात-आठ.
दोरा मोटर गुंडाळते, डोळे मोकळेच असतात.
कधी अख्खा अध्याय होतो, कधी चारच ओळी.
अडलेलं खडूनं चिंधीवर लिहिते:
मेंढ्याच्या कातड्याला सुई कितीची लागली असेल?
पाळकांना विचारलं. म्हणाले, बघून सांगतो.
अजून बघतायत.

मे महिन्यात बोनकोड्याच्या मढवींची हळद आली.
त्रेचाळीस ब्लाउज, एकच पिवळा, प्रत्येकीचा गळा वेगळा.
अकरा दिवस खण उघडला तो फक्त दोऱ्यासाठी.
बाराव्या दिवशी हात लावायची लाज वाटली.
पूर्वी इथंच संपायचं सगळं.
पण दोरा तुटला म्हणून कुणी कापड फेकतं का?
दोन टाके मागे जायचं,
जुन्या शिवणीवर नवी थोडी चढवायची,
आणि पुढे.
उलट तीच जागा जास्त पक्की होते.
म्हणून दोन ओळी मागे गेले. आणि पुढे.

जून सरत आला.
तक्त्याप्रमाणे मी राजांच्या काळात पोचायला हवं.
मंडळीतल्या सगुणाबाई पोचल्याही,
रविवारी भेटल्या की विचारतात, कुठवर आलीस?
मी अजून वाळवंटातच आहे.
आज मंडप उभा राहिला.
शेवटचा पडदा टांगला, काम संपलं,
आणि आत ढग असा दाटला
की ज्यांनी बांधला त्यांनाही आत शिरता येईना.

आठवी बॉबिन केव्हाच भरली.
मोटर नुसतीच फिरतेय.