केराचा कस

लेंगऱ्याच्या यात्रेला
नंबरप्लेटींवर सगळा देश वाचता येतो.
तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल
देवळापासून पार माळापर्यंत उभे.
माणसं उतरून "कवा आलासा?" विचारतात,
मागच्या सीटवर पोरं मल्याळममध्ये भांडत असतात.

आमचे अण्णा विट्याहून एसटीनं यायचे.
त्रिशूरला तेवीस वर्षं भट्टीपुढं,
दुकान सर्जेराव निकमांचं.
सोनारांच्या दुकानांतला केर पोत्यानं यायचा.
जाळायचा, कुटायचा, चाळायचा,
तेजाबात टाकला की तोंड खिडकीकडं करायचं.
दहा पोत्यांतून दोन गुंजा निघाल्या
तर सर्जेराव म्हणायचे, दिवस चांगला गेला.
अण्णांचा कसा गेला
ते रात्री खोकल्यावरून कळायचं.

सर्जेरावांचा अमरसिंह आणि मी एका बाकावर.
गणितात मी पुढं. हे इथं लिहून ठेवतो,
पुढं त्याला फारसा अर्थ उरत नाही.
बारावीला तो नापास झाला, त्याला वर्ष मिळालं.
पुन्हा झाला, हैदराबादचं दुकान मिळालं.
मला एकदाच बसायचं होतं.
नापास होण्याइतकी आमची ऐपत नव्हती.

मी निघालो. दोन गुंजांतला एक.
शाळेत शाल, नारळ, गुरुजींचं भाषण,
"पोराचा कस बघा!"
पोत्यांकडं कुणी बघितलं नाही.
माझ्याहून तल्लख इलाही विट्यात मागावर आहे,
रात्रपाळीला.
जिची वही उतरवून मी भूमिती पार केली
त्या लीलावतीचं लग्न निकालाआधीच झालं.
गुणपत्रिका आणायला तिचा भाऊ आला होता.
ब्याण्णव टक्के. त्यानं घडी घालून खिशात ठेवली.

आता मी डेन्मार्कात राहतो.
वरच्या मजल्यावरची बिर्गिट न्यायाधीश आहे,
बाप बस चालवायचा.
"फी किती पडली?" मी विचारलं.
ती विचारात पडली.
आठवण्यासारखं तिथं काही नव्हतंच.
पण तिच्याच कोर्टात उभी राहणारी पोरं
शहराच्या एकाच टोकाहून येतात, ती म्हणाली,
आणि त्यांची नावं तिला अजून नीट उच्चारता येत नाहीत.
ऑफिसातला ओस्वाल्दो लिमाचा.
"आमच्यात आडनाव सांगितलं की पगार कळतो."
मी हसलो.
आमच्यात त्याआधीच कळतो, बाबा,
कुठल्या आळीत राहतोस एवढ्यावर.

ऑफिसचं दार माझ्या अंगठ्यानं उघडतं.
गावात रेशनच्या यंत्राला
अण्णांचा अंगठा सापडत नाही.
रेघा तेजाबानं खाल्ल्या.
दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लावा.
आता तिसरं.
अण्णा एकेक बोट धोतराला पुसून पुढं करतात,
मास्तरांना पाटी दाखवावी तसं.
मागं रांग चुळबुळते.

फोनवर तेच ते बोलतात,
थंडी हाय का, जेवलास का.
परवा जरा थांबले.
भट्टीपुढं थांबायचे तसे, रंग बदलेपर्यंत.
मग म्हणाले,
"तिकडं सोनार असतीलच की.
त्यांचा केर कोण नेतं रं?"