डावा हात: सापडला नाही

वहीचं कातडं आता बोटांना भुकटी होऊन लागतं.
आतलं अक्षर मात्र शाबूत: बारीक, उजवीकडे कललेलं,
ऑल्बोर्गच्या एका मासे खारवणाऱ्याच्या पोराचं,
ज्याचा बाप हेरिंग मिठात थरावर थर रचायचा
आणि पिंपावर धोंडा ठेवून म्हणायचा,
दाबल्याशिवाय काही टिकत नाही.

पोराचं नाव थॉर्किल ब्रामसेन.
एकतिसाव्या वर्षी कारियाच्या किनाऱ्यावर उतरला
सुलतानाचं फर्मान, दोन करवती, कोयनेलची बाटली
आणि चार-दोन शब्दांची तुर्की घेऊन.

त्या गावात देवळाचे खांब चुन्याच्या भट्टीत जात होते.
त्याने लिहिलंय: आज आणखी एक चेहरा जळताना पाहिला.
नाक आधी तडकतं.
त्याने भट्टीवाल्याला चुन्याच्या दुप्पट भाव दिला
आणि गावाला कळलं, दगडाला गिऱ्हाईक आहे.
मग अंगणांतून, विहिरीच्या काठावरून,
कबरींच्या उशांपासूनही
दगड चालत आले त्याच्याकडे.

हे वाचवणं होतं की नेणं,
वहीत नाही.
वहीत मापं आहेत.

ती सापडली चौथ्या उन्हाळ्यात, अंजिराच्या मुळांखाली.
डोकं नाही. ओल्या वस्त्राच्या चुण्या गुडघ्याला अशा बिलगलेल्या
की मुकादम स्तामातिसने अंगातला कोट काढून तिच्यावर टाकला
आणि मग स्वतःच्याच वेडेपणावर हसत सुटला.
उजव्या हाताने पदर सावरलेला.
डावा मनगटापासून तुटलेला.
महिनाभर माती चाळली, बक्षीस लावलं,
पोरं खापरं आणि मेंढीची हाडं घेऊन रांगेत उभी राहिली.
शेवटी सोळा बैलांनी ती बंदरावर नेली.
जहाजाच्या पोटात मावेना, तेव्हा करवत लागली, कमरेत.
त्या दिवसाच्या पानावर फक्त वाऱ्याची दिशा आहे.

पुढे दालन मिळालं, पदक मिळालं.
दर शरदात हिवताप, न चुकता.
बायको किर्स्टिना तो समुद्रावर असताना गेली;
ती बातमी त्याला एका पेटीच्या पावतीसोबत मिळाली.

तेवीस वर्षांनी तो परत आला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
स्तामातिसच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून.
झेलिहाच्या ओट्यावर पाणी मागितलं.
पाण्यासोबत ती जैतुनं द्यायला उठली.
रांजणातला वरचा दगड काढून तिने बाजूला ठेवला,
तो ठणकन वाजला,
आणि म्हाताऱ्याची मान वळली.

त्याने चाचपलं. चार बोटं. अंगठ्याचं नख.
मिठाने गुळगुळीत झालेला तळवा.
मनगटाचा तुटका काठ त्याने मनातल्या दुसऱ्या काठाला लावून पाहिला.

"किती?" त्याने विचारलं, सवयीने.

"तुम्ही बक्षीस लावलंत तेव्हा मी नऊ वर्षांची," झेलिहा म्हणाली.
"आईने हा रांजणात टाकला.
म्हणाली, बाई तर जाणारच आहे,
हात तरी घरकामाला राहू दे."
आणि जरा थांबून,
"हवा तर न्या. पण जैतुनं वर तरंगतात,
दुसरा दगड देऊन जा."

खाऱ्या पाण्याचा वास ओट्यावर पसरला होता.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग बाही वर सारली, कोपरापर्यंत हात रांजणात घातला
आणि तो दगडाचा हात
तळवा खाली करून, दाबून बसवला,
बापाने बसवला असता तसा.

यातलं काहीच वहीत नाही.
हे मला झेलिहाच्या पणतीने सांगितलं,
जी मागच्या मार्चमध्ये काठी टेकत दालनात आली
आणि पुतळीच्या रिकाम्या मनगटापाशी
एकटीच हसत उभी राहिली.
वहीत शेवटची नोंद आहे, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेली;
सही त्याची, ओळीखाली घसरलेली:
क्रमांक एकशे बेचाळीस. डावा हात: सापडला नाही.

रांजण अजून भरता का, विचारायचं राहून गेलं.
तोवर ती जिना उतरून गेली होती.