आठ पॉइंट दोन

आमच्या शर्विलला पांढरंच लागतं.
पांढरा भात, पांढरं दूध,
पोळीचा वरचा पापुद्रा, डाग नसलेला.
वरणात सांबाराचं एक पान तरंगलं
तर ते बोटानं उचलतो
आणि भिंतीला चिकटवतो.
भिंतीवर वाळक्या पानांची रांग झालीय,
पाहुण्यांना वाटतं, नक्षी.

पाटीवरची पेन्सिल मात्र खातो.
तीही पांढरीच.
शाळेतून रोज अर्धी येते, ओठांना भुकटी.
आधी मी दोन धपाटे घातले.
मग उपकेंद्रात मेश्राम सिस्टरनं
त्याची खालची पापणी ओढून पाहिली,
बोटाला सुई टोचली.
आठ पॉइंट दोन.
"खोडी नाई वं बाई ते.
रक्तात लोह नाई पोराच्या, म्हणून खाते."

मटण आमच्याकडे पोळ्याच्या करीला,
नाही तर कुणाच्या जावळाला.
मागच्या करीला कोंबडा कापला,
त्याचं यानं नाव ठेवलं होतं.
त्या दिवशी दूधसुद्धा प्याला नाही.

लोह म्हणजे काय ते त्याला ठाऊक.
घरी आल्या आल्या दारामागं गेला,
खिळ्यांचा डबा घेऊन आला.
"एक गिळू का? लहानवाला?"
मी हसले.
आणि रात्री तो डबा उशाशी घेऊन झोपले.

मग माझ्या चोऱ्या सुरू झाल्या.
जवस भाजून, कुटून भाकरीच्या पिठात मळलं.
ओळखलं.
मसूर शिजवून घोटून भातात दडवली.
भात गुलाबी का, म्हणून रडला.
सरकारी बाटलीतलं औषध
ओठावरून गळ्यावर, गळ्यावरून सदऱ्यात.
दिग्रसच्या बाजारातून लोखंडी कढई आणली,
घासून घासून माझीच बोटं काळी.
पहिल्याच दिवशी आलू काळपट पडले.
"आलूले काय झालं?"
ताट सरकलं.

थंडीत गोकर्णाबाईच्या वावरात
हरभऱ्याचा पाला खुडायला गेले, हा मागं मागं.
पानांवर दहिवर, दहिवरात ती आंब.
थोड्या वेळानं मागं चाटल्याचा आवाज.
मग चावल्याचा.
मी वळून पाहिलं नाही.
खुडत राहिले, कान तेवढे मागं ठेवून.

घरी त्याच पाल्याचा घोळाणा केला,
कांदा, तेल, वरून लिंबू पिळलं.
त्यानं हुंगला.
"हे ताटातलं हाय. मले वावरातलं पायजे."

तर मग वावरातलं.
रोज शाळेआधी धुऱ्यावर,
खिशात गूळ-फुटाणे, हातात आवळ्याची फोड,
आणि मी पाठ करून उभी.
घाटे भरले, पाला निबर झाला,
तोवर एक सबंध पेन्सिल
आठवडाभर पाटीवर टिकायला लागली.

मार्चात पुन्हा उपकेंद्र.
नऊ पॉइंट सहा.
सिस्टर म्हणाली, "आता तुमचं बोट द्या."
"माझं कायले?"
पण तिनं धरलंच होतं.

सात पॉइंट नऊ.

मी आठवायला लागले, गेल्या वर्षभरात काय जेवले.
त्याच्या ताटातला उरलेला भात,
उभ्या उभ्या,
आणि भूक मारायला चहा.

त्याला आता आकडे कळतात.
"मी जिंकलो!" असं ओरडला आधी,
सिस्टरच्या टेबलाभोवती एक फेरी मारली.
मग ऑटोत काहीच बोलला नाही,
वाटेत बकऱ्या आल्या तरी.

रात्री मी चहा ठेवला.
यानं स्टूल ओढून गॅस बंद केला.
कढईतली अंबाडी भाकरीवर घेतली,
लिंबू पिळलं, बिया काढल्या नाहीत,
आणि घास माझ्या तोंडाशी धरला.
"डोळे मीट. चव नाई लागत."
वाक्य माझंच होतं.
चव लागत होती. आंबट, थोडी लोखंडी.
"चाव. गिळू नोको तशीच."
त्यानं बत्तीस मोजले.

मग स्वतःच्या ताटात
पांढरा भात वाढून घेतला.