अर्ध्या वाट्याची सोलं

मे महिन्यात आमची टॅक्सी दारातच उभी असते.
पाहुणे आपापल्या देशी गेले, शॅकचे खांब उपटून झाले,
आणि धाकू मला बॉनेटवर
सुंगटं वाळत घालू देतो.
तापतं बरं, म्हणतो. तेवढंच भाडं.

डब्यात अठराशे चाळीस.
त्यात चार महिने बसवायचे:
पावसाचे, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्याचे, चवथीच्या उसनवारीचे.
भाजी बेळगावहून येते.
घाट उतरेपर्यंत ती कोमेजते,
भाव तेवढा ताजा राहतो.

म्हणून मी उलट्या बाजूने मोजते,
काय काय विकत घ्यावं लागणार नाही.
बिकणं: तांबड्या मातीत लोळवून
चुलीमागे रचली, दोनशे बारा.
आंबे: चेपणीत, वर नदीतला गोटा.
मीठ आगरातल्या जयंतीकडून,
दोन फणसांना एक पायली.
औंदा करडं पडलंय गो, म्हणाली ती ओशाळून.
पडू दे. खारटपणाला कुठे रंग असतो.

आणि सोलं.

भिरंड आमची नाही. गडग्यापलीकडची,
एस्पेरान्साबायची.
तिचं घर बंद आहे सहा वर्षं,
शिंपल्यांच्या खिडक्या, अंगणात पानांचा थर.
जाताना गडग्यावरून म्हणाली होती,
फळं काढ, पण अर्धी माझी.
मी हो म्हटलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून दर मे महिन्यात
फळं चिरायची, बिया वेगळ्या, साली उन्हात,
रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात,
असं सहा-सात वेळा, काळ्याभोर होईपर्यंत.
बोटं जांभळी. बँकेत अंगठा द्यायला लाज वाटते.
मग दोन बरण्या.
एक आमच्या कढीला.
एक फळीवर, तिच्या नावाची,
झाकणाला फडकं बांधून, फडक्यावर साल लिहून.

काही सालं आमचं संपलं आषाढातच.
श्रावणात धाकू फळीकडे बघायचा.
मी बघायची नाही.

परवा तिची मुलगी आली, जोसलिन.
सोबत टेप घेतलेला माणूस.
त्याने अंगण मोजलं, विहीर मोजली,
भिरंडीच्या बुंध्याला चुन्याची फुली मारली.
आई गेली, म्हणाली ती. फेब्रुवारीत. तिकडेच.

मी पाच बरण्या गडग्यावर मांडल्या.
सहावी उन्हात होती, अजून व्हायची होती.
तिने सगळ्यात जुनीचं फडकं सोडलं,
एक सोल जिभेवर ठेवलं,
आणि तोंड वाकडं झालं, मग डोळे मिटले,
मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

किती द्यायचे? असं विचारलं तिने शेवटी.
मला उत्तर येत नव्हतं.
ज्याचं आपण कधी पैशात मोजलंच नाही
ते एकदम कसं सांगायचं?
तुमचंच आहे, म्हटलं.
तिने एकच नेली. विमानात वजन मोजतात.

चार परत फळीवर ठेवल्या.
साल लिहिलेली फडकी तशीच आहेत,
नाव मात्र आता कुणाचं, ठरत नाही.

बियांचं दर वर्षी भिरंडेल करते,
टाचांच्या भेगांना.
यंदा मूठभर बाजूला काढल्या,
तेलाच्या जुन्या डब्यात माती भरून रुजत घातल्या.
रोप नर की मादी, ते सात-आठ वर्षांनी कळतं.
निम्मी नर निघतात म्हणे, फळ न धरणारी.
निम्म्याची मला सवय आहे.

धाकू बाहेरून हाक मारतोय.
सुंगटं उचल, मोपाचं भाडं आलंय.
अर्धवट वाळलीत, मी म्हणते,
आणि दोन्ही हातांनी
तापलेल्या पत्र्यावरून ती भराभर सुपात ओढते.
काचा उघड्या ठेवून जा, सांगते त्याला,
वास जाईल वाटेत.