तापलंय काय बघ

वडणग्याच्या गुऱ्हाळावर बाबांचा हात
दोनदा भाजला. तिसऱ्या वेळी मालकानंच
त्यांना राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं.
एकवीस सुया, दंडापासून नखांपर्यंत,
आणि एक छापील कागद: या कातडीला
आता चटका बसणार नाही.

बसलाही नाही.
उकळत्या काहिलीत बोट बुडवून ते पाक काढत,
गार पाण्यात सोडत,
जळव्या चिपाडं टाकायची विसरून बघत राही.
फक्त पाक कुठवर आला, हेच त्यांना कळेना.
बोटांना गोळी लागायची,
गोळीचा जीव लागायचा नाही.
त्या हंगामात तीन आधणं करपली.
शाहूपुरीतल्या अडत्यानं ढेप फोडून वास घेतला,
काही न बोलता परत बांधली.
केरबा गुळव्याचा केरबा जळव्या झाला.

मी सुयांनंतरची. दोन वर्षांनी झालेली.
डॉक्टर शिरगुप्पे आईला म्हणाले होते,
औषध कातडीत राहतं, बीजात उतरत नाही. बहुतेक.
त्या 'बहुतेक'वर आईनं माझं बाळपण काढलं:
अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरानं बघायची,
मग माझ्या तोंडाकडं.

चार वर्षांची असताना मी चुलवाणाजवळचं
उलथणं धरलं. किंचाळले.
बाबा काकवीची घागर सोडून धावले,
तळहात उलगडून तो लाल पट्टा बघितला
आणि हसले. लई हसले.
त्या हसण्यावरून आई अजून त्यांना बोलते,
ते नसले तरी.

आठव्या वर्षी मला काहिलीशेजारी पाट मिळाला.
बाबा पुन्हा उभे, डोळे मिटून, मान कलती.
"तापलंय काय बघ गं. आता? आता?"
गोळी माझ्या बोटांत, नाव त्यांचं.
गूळ कणीदार पडू लागला.

आता फुलेवाडीत फ्लॅट आहे, गीझर आहे.
दवाखान्याचं पत्र आलंय:
तिसऱ्या पिढीची तपासणी मोफत,
नळीत थुंकी घालून पाठवा.
नळी फ्रीजवर तशीच आहे, मिरजेच्या लग्नपत्रिकेखाली.

काल चहा ओतला आणि ओठाला लावायच्या आधी,
काही कारण नसताना,
कप इंद्रजितपुढं धरला.
त्यानं कडेला बोट टेकवलं.
डोळे मिटले. मान कलती केली.
आजोबा त्यानं फक्त फोटोत बघितलेत,
तेही डोळे उघडे असलेले.

"थांब जरा," म्हणाला.
थांबले.